मानीबाईची भुई

दिग्रसहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्याला डाव्या हाताला एक बैलवाट फुटे. ती टेकडीच्या पायथ्याशी तांड्यात संपे. तांड्यातली घरं सारखीच होती. तुराट्यांचे कूड, त्यावर मातीचा लेप, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. पण मानीबाईचं घर कुणालाही न विचारता सापडायचं. तांड्यातलं सगळ्यात उंच दार तिच्या घराला होतं.

ते दार देवसिंगनं, तिच्या नवऱ्यानं, आपल्या हातानं बसवलं होतं. साल छप्पन्नचा उन्हाळा. तोवर देवसिंग बापाच्या ठेंगण्या घरात राहत होता आणि दिवसातून एकदा तरी चौकटीवर कपाळ आपटून घेत होता. नवं घर बांधायला घेतलं तेव्हा कूड मानीबाईनं विणला, माती दोघांनी मिळून तुडवली, पण चौकटीला त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. डोक्याला पागोटं बांधून तो उभा राहिला आणि मानीबाईला म्हणाला, "पागोट्याच्या वर एक वीत धर."

तिचा हात पोचेना. ती उखळावर चढली आणि वीत धरली. तेवढ्या उंचीची बांबूची काठी त्यानं तोडून घेतली. त्या काठीच्या मापानं सागाची चौकट उभी राहिली. त्याच सागाच्या फळ्यांचं दार जोडलं आणि दिग्रसच्या बाजारातून आणलेल्या लोखंडी कब्ज्यांवर टांगलं.

शेजारच्या बिजलीबाईला हसू आवरेना. ती देवसिंगच्या धाकट्या चुलतभावाची, सेवादासची बायको; देवसिंग तिचा भासरा, मोठा दीर. तोंडाची तिखट, हाताची मोकळी. "भासऱ्यांनी काय हत्ती पाळला का वं? एवढं दार कायले?"

देवसिंग चौकटीला तेल लावत होता. न वळताच म्हणाला, "माह्या आज्यानं पालात जन्म काढला. आत जाचं तं गुडघ्यावर, बाहेर येचं तं गुडघ्यावर. बापानं घर बांधलं, त्यातही मान खाली. मी माह्या घरात वाकून जानार नाई."

ही पालं म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरणाऱ्या जुन्या लोकांचे तंबू. देवसिंगनं ती फक्त ऐकली होती. पण ऐकलेलं त्याच्या मानेत बसलं होतं.

दार झाल्यावर तो भुईकडे वळला. नाल्याकाठचा मुरूम, वर पांढरी माती, त्यावर पाणी. मग लाकडी धुम्मसानं ठोकणं. त्या ठोकण्यात एकदा धुम्मस त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडला. अंगठा बरा झाला, पण वाकडाच राहिला, बाजूच्या बोटाकडे पाठ करून बसल्यासारखा. भुई मात्र अशी झाली, की ओंजळभर पाणी सांडलं तर ते तिथंच थरथरत उभं राही. मानीबाई दोन घागरी एकावर एक डोक्यावर घेऊन विहिरीवरून यायची ती त्या दारातून ताठ आत. घागरीवर चार बोटं जागा उरायची. त्या चार बोटांचा तिला मोठा अभिमान होता.

पुढल्याच हिवाळ्यात एक मुकादम तांड्यात आला. लांब कुठल्या नदीवर धरण चाललं होतं आणि मातीकामाला माणसं हवी होती. सेवादास निघाला, देवसिंगही निघाला. असा धुम्मसवाला मुकादमाला कुठं मिळणार?

निघताना देवसिंगनं मापाची काठी आढ्याखाली आडवी बांधून दिली, कपडे वाळत घालायला. म्हणाला, "भुईले जप. ओल धरू देऊ नको."

"आन् तुमी?"

"थोडं काम हाय. झालं का येतो."

दारव्ह्याहून छोटी आगगाडी मूर्तिजापूरला जायची. सेवादासची टोळी तिनंच गेली.

सेवादास दर होळीला घरी यायचा. देवसिंग एकदाच आला, पोरगी चंदा हिच्या लग्नाला, दुसऱ्या उन्हाळ्यात. मांडव उतरला, पाहुणे गेले, तसा तोही गेला. त्यानंतर सेवादास एकटाच येई. शेजारी आपल्या ओट्यावर पाय सोडून बसे आणि मानीबाईनं विचारायच्या आधीच सांगून टाकी, "भाबी, भाऊनं सांगतलं, थोडं काम राह्यलं हाय. झालं का येते."

एक धरण झालं की मुकादम टोळी दुसऱ्या नदीवर नेई. आधी चंबळ, मग खाली कृष्णेकडे. होळीला सगळे घरी जात तेव्हा मागं भराव राखायला आणि पावसाआधी ठोकून घ्यायला एक भरवशाचा माणूस लागे. तो देवसिंग.

मानीबाई रडणारी बाई नव्हती. तिनं देवसिंगचा एवढाच शब्द धरला, भुईले जप.

तांड्यातल्या बाया भुई शेणानं सारवीत. नवी भुई घरात कुणी वारंवार घालत नसे. मानीबाई दर वर्षी घालू लागली. पाऊस उघडला, ज्वारी पोटरीला आली, की ती टोपलं घेऊन नाल्यावर जायची. मुरूम आणायची, चाळायची, पांढरी माती भिजवायची. धुम्मस उचलायला जड होता, म्हणून ती दोन्ही हातांनी छातीशी धरून सोडायची. मग चोपण्यानं, चपट्या लाकडी फळीनं, उकिडवं बसून सारी भुई चोपायची. चोपण्याचा आवाज तांडाभर जाई. तो ऐकला की बिजलीबाई आपल्या चुलीपासूनच ओरडे, "आली वं दिवाळी! मानीबाईची भुई सुरू झाली!"

कुणी विचारलं तर मानीबाई म्हणे, ओल येते. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. दिवाळीला माणूस आला तर त्याला पाय ठेवायला भुई नवी असावी, एवढंच ते कारण होतं. दिवाळी जाई. नवी भुई रोजच्या चालण्यानं जुनी होई. पुढल्या वर्षी ती पुन्हा टोपलं उचले.

एरवीही घराला तिचा हात सतत लागत असे. मृगाआधी छपरावर चढून कवेलू फेरायची, फुटके काढून धड बसवायची. कुडाला उधई, वाळवी लागली की तेवढाच तुकडा कापून नव्या तुराट्या विणायची. दार मात्र तिला सतावू लागलं. ते भुईला घासू लागलं. मानीबाईला वाटलं, लाकूड जड, कब्जे थकले, दार खाली बसलं. तिनं सेवादासच्या घरून करवत आणली, दार उतरवलं, खालून दोन बोटं पट्टी कापली आणि पुन्हा टांगलं. पुढल्या वर्षी पुन्हा घासलं, पुन्हा कापलं. कापलेल्या पट्ट्या तिनं चुलीत घातल्या नाहीत. आढ्यात खोचून ठेवल्या. साग होता, आणि त्याच्या हातचा होता.

"बाई, दार किती वर्स बसन खाली?" बिजलीबाई एकदा करवत परत घेताना म्हणाली. "असंच कापत राह्यली तं खिडकी होईन त्याची."

"बसू दे," मानीबाई म्हणाली. "लाकूड म्हातारं होते."

उंबरठा कधीच भुईच्या पोटात गेला होता. ठेच लागत नाही, बरं झालं, असं तिला वाटे.

एका वर्षी संक्रांतीच्या सुमाराला चंदाच्या सासरची माणसं येणार होती. चंदा गेल्यापासून मानीबाई एकटीपुरती एकच घागर आणायची. त्या दिवशी पाहुण्यांसाठी तिनं कितीतरी वर्षांनी दोन घागरी चढवल्या. मान ताठ, हात मोकळे, पायांत वाळ्यांचा ठेका. चार बोटं जागा आहे हे तिचं डोकं विचार न करता जाणत होतं. ती दारातून आत शिरली आणि वरची घागर चौकटीवर खाडकन आपटली. फुटली. पाणी, खापरं, सगळं तिच्या अंगावर.

बिजलीबाई धावत आली. आधी तिला काही लागलं नाही हे पाहिलं, मग पोट धरून हसली. "मानीबाई, तू वाढून राह्यली का वं ह्या वयात? का चौकट लाजून खाली आली?"

मानीबाई हसली नाही. ती चौकटीकडे पाहत उभी होती. चौकट सरळ होती. कुठं झुकली नव्हती, कुठं खचली नव्हती.

पाहुणे येऊन गेले. दुसऱ्या दिवशी तिनं आढ्याखालची कपडे वाळवायची काठी सोडली. धुरानं काळी पडलेली, मधोमध किंचित वाकलेली. ती दारात उभी केली. उभी राहीना. तिरकी केली तेव्हा बसली. मानीबाईनं काठी आतल्या बाजूनं भुईवर उभी धरली आणि तिचं टोक चौकटीच्या किती वर जातं ते बोटांनी मोजलं. एक वीत, आणि वर थोडं.

तिच्या लक्षात आलं. दार खाली बसलं नव्हतं. भुई वर आली होती.

ती तिथंच खाली बसली. पागोट्याच्या वर जी एक वीत तिनं उखळावर चढून धरली होती, ती वीत तिनंच आपल्या हातानं, टोपल्या-टोपल्यानं भरून काढली होती. ज्याच्यासाठी ती भुई घालत होती तो आता आला असता तर या दारात वाकला असता. आणि तो म्हणाला होता, माह्या घरात मी वाकनार नाई. मानीबाईला काही केल्या ते दिसणं थांबेना. तो दारात उभा आहे, पागोटं चौकटीला घासतं आहे, आणि तो मागं वळून पाहतो आहे, की हे घर आपलं नव्हे.

त्या होळीला सेवादास आला. आपल्या ओट्यावर बसला. तोंड उघडण्याआधी घुटमळला.

"थोडं काम राह्यलं ना?" मानीबाईनंच विचारलं.

"नाई भाबी. हे काम सरत आलं. पावसाच्या आधी मुकादम साऱ्याइले मोकळं करून राह्यला. भाऊ म्हने, जाऊन येतो घरी." तो थांबला. "येईन तवा खरं. मी आपलं सांगतो."

बिजलीबाई आतून म्हणाली, "उगा कायले आस लावता तिले?"

मानीबाई दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन बसली.

भुई घालणं सोपं होतं, उकरणं कठीण. तिनं सगळं इतकं ठोकून बसवलं होतं, की कुदळीला एका घावात मुठीएवढं ढेकूळ निघे. सामान तिनं दारापुढल्या मांडवाखाली काढलं, चूल अंगणात मांडली. दारापासून सुरुवात केली. खाली जाऊ लागली तशी प्रत्येक वर्षाची भुई तिला वेगळी दिसू लागली. दोन थरांमध्ये सारवणाची काळी-हिरवी रेघ. एका थरात तुरीचा भुसा मिसळलेला होता. त्या वर्षी तुरी बक्कळ झाल्या होत्या आणि ती मनात म्हणाली होती, हे सांगायला कुणी हवं होतं. एक थर दुप्पट जाड होता. त्या साली सेवादास म्हणाला होता की भाऊ दिवाळीला नक्की येणार. एका थरात हिरव्या काचेचा तुकडा निघाला, चंदाच्या लग्नातल्या बांगडीचा. तो तिनं पदराला पुसला आणि कोनाड्यात ठेवला.

काचेच्याही खाली कुदळ एकदम वाजली. दगडावर पडावी तशी. तिनं हातानं माती सारली. देवसिंगची भुई. इतकी वर्षं दाबली जाऊनही तिला एक भेग नव्हती. उंबरठाही वर आला, सागाचा, तिला विसर पडलेला. मानीबाईनं त्याला हात लावला आणि कपाळाला लावला, सणाला लावतात तसा.

उकरलेली माती टाकायची कुठं? तिनं दाराबाहेर, भिंतीला लागून तिचा लांबट ढीग केला, पाणी घातलं, चोपला, सारवला. चांगला दोन माणसं टेकतील असा ओटा झाला.

काठी पुन्हा दारात उभी केली. सरळ उभी राहिली. वरती एका नखाचीही जागा नाही.

मग तिनं दार लावलं, आणि आता काय झालं ते तिला कळलं. दार खालून कापलेलं होतं. भुई खाली गेली, पण दार काही वाढलं नाही. खाली वीतभर फट राहिली. तिच्यातून कोंबडी आत आली, घर पाहून बाहेर गेली.

"घे," बिजलीबाई म्हणाली, "आता दाराखाली दुसरं दार झालं. कोंबड्याइले बी वाकाव लागत नाई."

मानीबाई या खेपेला हसली. पट्ट्या जोडायच्या म्हणून तिनं आढ्यातून काढल्याही. पण अशा बारीक पट्ट्या खिळ्यानं चिरतात हे तिला माहीत होतं. राहू दे म्हणाली. संध्याकाळी चुलीपाशी बसलं की फटीतून उन्हाची एक पट्टी भुईवर येई आणि हळूहळू आत सरकत चुलीपर्यंत पोचून विझून जाई. वाटेनं कुणी गेलं की पट्टीत सावली हले. मानीबाईचा हात भाकरीवर थांबे.

चैत्र गेला. वैशाख लागला. पळसाची पानं मोठी झाली. टोळीतली माणसं एकेक करून परतली. सेवादासला विचारायचं तिनं टाळलं, आणि सेवादासनं तिच्या दारावरून जायचं टाळलं.

आणि एका संध्याकाळी ती भाकरी थापत असताना फटीतल्या उन्हात दोन पाय येऊन थांबले.

धुळीनं भरलेले, टाचा फाटलेल्या. पाय हलेनात. डाव्या पायाचा अंगठा वाकडा होता, बाजूच्या बोटाकडे पाठ करून.

मानीबाई उठली नाही. तव्यावरची भाकरी जळल्याचा वास येऊ लागला तरी तिची नजर फटीवरून निघेना. दार लोटलं गेलं.

देवसिंग आत आला. डोक्याला पागोटं नव्हतं, एक मळका रुमाल होता. खांदे पुढं आलेले, अंग बारीक झालेलं. दारात आल्याबरोबर त्यानं मान खाली घातली, पाठ वाकवली, एक हात पुढं धरला, आणि त्या उंच दारातून, ज्याच्या चौकटीला त्याचं डोकं लागणार नव्हतं, तो वाकून आत आला.

मानीबाईनं ते पाहिलं. पहिला शब्द तिच्या तोंडून निघाला तो हाच, "वाकले काहून? दार उंच हाय."

तो तसाच अर्धा वाकलेला थांबला. मग वर पाहिलं. हात वर करून चौकट चाचपली. हात पुरता लांबवावा लागला.

"व्हय," तो म्हणाला. "उंच हाय." मग हात खाली घेऊन, "तिकडं टोळीचे पाल असते. सवय लागली."

मानीबाईनं जळकी भाकरी उतरवली, दुसरी टाकली आणि त्याला पाय धुवायला पाणी दिलं.

सकाळी तो बाहेर ओट्यावर बसला. ओट्यावर हात फिरवला, बोटानं टोचून पाहिलं. मातीचं काम त्याला बरं-वाईट लगेच कळे.

"हा ओटा कवा बांधला?"

"बांधला नाई. घरातून निघाला."

"घरातून?"

"तुमी नव्हते तेवढी माती हाय ती," मानीबाई म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. वर्षावर्षाची भुई, कापलेलं दार, फुटलेली घागर, काठी. देवसिंग ऐकत होता आणि हात ओट्यावरून काढत नव्हता. तिचं सांगून झालं तेव्हा तो उठला, आत गेला, दारात पुन्हा वाकला, खाली बसून दाराच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"फळी लावाव लागन इथं," तो म्हणाला. "एकसंध. पट्ट्या नाई चालत."

त्यानं तांड्याच्या नायकाकडून सागाची एक फळी मागून आणली. दोन दिवस ती तासली. मग दाराच्या मापानं कापली, दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवली, आणि खिळे ठोकायचं राहिलं. आज कवेलू फेरले पाहिजेत. उद्या गोठ्याचा खांब. परवा बिजलीबाईच्या बोथटलेल्या जात्याला टाकी लावायची आहे. फळी टेकलेलीच. मानीबाईनं तिची आठवण करून दिली नाही. घरात येता-जाता तो वाकत होता, हेही ती बोलली नाही. कधी डोक्यावर चाऱ्याची पेंडी असली की मात्र तो विसरायचा आणि ताठ आत यायचा. ते पाहिलं की ती लगेच दुसरीकडे पाही, त्याला कळू नये म्हणून.

पाऊसकाळ गेला. यंदा भुई घालायच्या आधी मानीबाईनं जुन्या भुईचा वरचा पापुद्रा खरवडून काढला, मगच नवी माती घातली. धुम्मस देवसिंगनं धरला. ठोकण्या-चोपण्याचा आवाज दोघांचा होता, आणि बिजलीबाई त्या वर्षी काही ओरडली नाही.

दिवाळी झाली आणि मुकादमाचा निरोप आला. सेवादास तो घेऊन आला, ओट्यावर बसला. मानीबाई आत चुलीपाशी होती. दार लोटलेलं होतं. फटीतून तिला चार पाय दिसत होते, दोन सेवादासचे, दोन देवसिंगचे.

"भाऊ, नवं काम निघालं. मोठं हाय. मुकादम म्हने, देवसिंग आल्याबिगर भराव धरत नाई. परवा निघाच हाय. काय सांगू?"

मानीबाईच्या हातातलं पीठ वाळू लागलं. डाव्या पायाचा तो अंगठा मातीत काहीतरी रेघोट्या ओढत होता.

"त्याले सांग," देवसिंगचा आवाज आला, "माह्या दाराची फळी बसवाची हाय. थोडं काम राह्यलं."

"झालं का येसीन ना?"

"झालं का पाहू."

सेवादास हसला असावा. त्याचे पाय उठले आणि फटीतून निघून गेले. दुसरे दोन तिथंच राहिले.

मानीबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. तेच शब्द होते, जे इतक्या होळ्यांना सेवादासच्या तोंडून तिला ऐकावे लागले होते. तिनं पिठाला पाण्याचा हात लावला आणि भाकरी थापायला घेतली. फळी त्या वर्षी बसली नाही. पुढल्या वर्षीही नाही. कोंबड्या येत-जात राहिल्या, संध्याकाळी उन्हाची पट्टी आत येत राहिली, आणि तो घरातच आहे हे ठाऊक असूनही, फटीत सावली हलली की मानीबाईचा हात भाकरीवर थांबायचा तो थांबायचाच.